चंद्राच्या पलीकडच्या बाजूला भरती का येते?

सांजभरती (धागाकर्ता)
रविवार, रात्री ९:१०

शाळेच्या पुस्तकातलं ते चित्र बहुतेकांना आठवत असेल. मधे पृथ्वी, उजवीकडे चंद्र, आणि पृथ्वीभोवती निळा लंबगोल. चंद्राकडच्या बाजूला पाणी फुगलेलं, आणि जवळजवळ तेवढंच पाठीमागेही. खाली एक ओळ: चंद्राच्या गुरुत्वाकर्षणामुळे भरती-ओहोटी होते.

समोरचा फुगवटा पटतो. चंद्र ओढतो, पाणी त्याच्याकडे जातं. पण मागचं पाणी चंद्रापासून लांब का जातं? त्याला तिकडे कोण ओढतंय? मी वर्गात हे विचारलं होतं तेव्हा 'ती प्रतिक्रिया असते' असं उत्तर मिळालं. ते चुकीचं होतं हे कळायला बरीच वर्षं गेली. गेले काही महिने हा विषय मनावर घेतला, कागदावर आकडे मांडले, आणि जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे.

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट सगळ्यात आधी सांगते. भरती चंद्राच्या ओढीने येत नाही, त्या ओढीतल्या फरकाने येते.

एकच आकडा बघा. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १८० पट जोराने ओढतो. नुसत्या ओढीवर भरती ठरत असती तर समुद्र सूर्याच्या तालावर चालला असता आणि चंद्राचा वाटा शोधूनही सापडला नसता. प्रत्यक्षात सूर्यामुळे येणारी भरती चंद्राच्या भरतीच्या निम्मीही नाही, साधारण ४६ टक्के आहे.

चंद्र वरचढ ठरतो तो जवळ असल्यामुळे. तो सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे आणि पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर. एवढ्या जवळून पाहिलं तर पृथ्वी ठिपका राहत नाही, तिची एक बाजू चंद्राला जवळ आणि दुसरी चांगलीच लांब पडते. पृथ्वीच्या मध्यावर चंद्राची ओढ १०० धरली, तर चंद्राकडच्या पृष्ठभागावर ती १०३.४ येते आणि पलीकडच्या बाजूला ९६.८. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर. त्याच्या ओढीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ०.०२ टक्क्यांचाही फरक पडत नाही. ओढ प्रचंड, पण सगळीकडे जवळजवळ सारखी.

आता १०३.४, १०० आणि ९६.८ हे तीन आकडे डोळ्यांसमोर ठेवा. समजा पृथ्वीच्या जागी तीन सुटे दगड एका रेषेत ठेवले आणि चंद्राकडे पडू दिले. पुढचा जरा जास्त वेगाने पडेल, मधला त्याहून कमी, मागचा आणखी कमी. मधल्या दगडावर बसलेल्या माणसाला काय दिसेल? पुढचा दगड पुढे निघून चाललाय आणि मागचा मागे राहतोय. दोघेही त्याच्यापासून लांब जाताहेत, आणि तरीही तिघेही चंद्राकडेच पडताहेत!

आपण त्या मधल्या दगडावर आहोत. पलीकडच्या पाण्याला कोणी मागे ढकलत नाही. पृथ्वीच त्याच्यापेक्षा किंचित जास्त जोराने पुढे ओढली जाते आणि पाणी मागे उरतं.

'पण पृथ्वी चंद्रावर कुठे पडतेय?' असं कोणी विचारेल. पडते आहे. पृथ्वी आणि चंद्र दोघेही एका सामाईक बिंदूभोवती फिरतात. तो बिंदू पृथ्वीच्या मध्यापासून सुमारे ४,६७० किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीच्याच पोटात आहे. असं फिरणं म्हणजे सतत पडत राहणंच. बाजूला जाण्याचा वेग असल्यामुळे टक्कर होत नाही इतकंच.

गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाने कमी होतं, पण त्यातला हा फरक अंतराच्या घनाने कमी होतो. चंद्राची सगळी सत्ता या एका घातात आहे.

माझं काही चुकत असेल तर जरूर सांगा. विषय मला फार जवळचा झालाय आणि तो नीट समजून घ्यायचा आहे.


पाणलाट
रविवार, रात्री १०:०२

तीन दगडांचं उदाहरण आवडलं. पण एक शंका. मी आजवर असं वाचत आलोय की मागचा फुगवटा केंद्रोत्सारी बलामुळे येतो. पृथ्वी त्या सामाईक बिंदूभोवती फिरते, त्यामुळे चंद्राच्या विरुद्ध बाजूचं पाणी बाहेर फेकलं जातं. अनेक पुस्तकांत हेच आहे. मग ते चूक का?


मोजपट्टी
रविवार, रात्री ११:२५

पाणलाट, हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे, आणि त्यात अर्धं सत्य असल्यामुळे तो निघत नाही. जरा सविस्तर लिहितो.

भिंतीवर तळहात टेकवा, बोटं वर. आता भिंत पुसल्यासारखा हात गोल फिरवा, पण बोटं सतत वरच राहू द्या, मनगट वळवू नका. करंगळीचं टोक जेवढं वर्तुळ काढतं तेवढंच अंगठ्याचं टोक काढतं आणि तेवढंच तळहाताचा मध्य काढतो. वर्तुळांच्या जागा वेगळ्या, आकार एकच.

पृथ्वीचं सामाईक बिंदूभोवतीचं फिरणं असं आहे. (स्वतःभोवतीचं फिरणं सध्या बाजूला ठेवा, त्याचा हिशेब वेगळा.) पृथ्वीचा प्रत्येक कण सारख्याच त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो, म्हणून केंद्रोत्सारी बल सगळीकडे सारखं आणि एकाच दिशेला, चंद्रापासून लांब. ते मागच्या बाजूला जास्त आणि पुढच्या बाजूला कमी असं नसतंच. धाग्यातल्या आकड्यांत सांगायचं तर ते सगळीकडे १०० आहे. प्रत्येक ठिकाणच्या ओढीतून १०० वजा करा: पुढे +३.४, मध्यावर ०, मागे −३.२. म्हणजे फिरून तोच फरक. केंद्रोत्सारी बल घेऊन गणित केलं तरी उत्तर तेच येतं, पण फुगवटा 'त्याच्यामुळे' आला असं म्हणता येत नाही, कारण जे बल सगळीकडे सारखं आहे ते कुठेच फुगवटा आणू शकत नाही.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्यानेही फुगवटा येतो, पण तो कायमचा. विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे ती त्यामुळेच. त्याला चढउतार नाही, म्हणून ती भरती नव्हे.

खात्री करून घ्यायची असेल तर कल्पना करा की पृथ्वी आणि चंद्र एकमेकांभोवती फिरतच नाहीत, सरळ एकमेकांवर कोसळताहेत. केंद्रोत्सारी बलाचा प्रश्नच नाही. तरी दोन्ही फुगवटे येतील. असा ताण प्रत्यक्ष पाहायलाही मिळाला आहे. शूमेकर-लेव्ही ९ हा धूमकेतू १९९२ साली गुरूच्या फार जवळून गेला आणि गुरूच्या याच ओढीतल्या फरकाने त्याचे तुकडे होऊन ते माळेसारखे एका रांगेत पसरले. जुलै १९९४ मध्ये ते गुरूवर आदळले.


पाणलाट
सोमवार, सकाळी ७:४०

भिंतीवर हात फिरवून पाहिला. पटलं. इतकी वर्षं मी पृथ्वी त्या बिंदूभोवती एखाद्या दोरीला बांधलेल्या गोळ्यासारखी फिरते असं समजत होतो. धन्यवाद.


रेतीघड्याळ
सोमवार, दुपारी १:१५

सांजभरती, सगळं वाचलं, पण माझं घोडं दुसरीकडेच अडलंय. तुमची ती ३.४ टक्के वाढ ही चंद्राच्या ओढीची. आणि चंद्राची ओढच मुळात पृथ्वीच्या ओढीपुढे काहीच नाही. मी आकडेमोड केली. चंद्रामुळे पाण्याचं वजन साधारण ९० लाखांत एका भागाने हलकं होतं. एवढ्याने समुद्र वर कसा उचलला जाईल?


सांजभरती
सोमवार, रात्री ८:५०

तुमचा आकडा बरोबर आहे आणि प्रश्न तर फारच महत्त्वाचा. मीही इथे दोन आठवडे अडले होते.

पाणी उचललं जातच नाही. तेवढी ताकद चंद्रात नाही. पाणी सरकतं.

चंद्र बरोबर डोक्यावर असलेला बिंदू घ्या. तिथे फरकाची ओढ सरळ वर आहे. पृथ्वीच्या गुरुत्वाशी तिची थेट झुंज, आणि तिथे ती हरते. पण त्या बिंदूपासून थोडं बाजूला या. आता ती ओढ तिरकी झाली. तिचा एक भाग अजून वर आहे (तो निरुपयोगी) आणि एक भाग आडवा, समुद्राच्या पृष्ठभागाला समांतर. त्या आडव्या दिशेला पृथ्वीचं गुरुत्व पाण्याला अडवतच नाही, ते तर सरळ खाली ओढतं. त्यामुळे कितीही कमी असली तरी आडवी ओढ आपलं काम करते. चंद्राखालच्या बिंदूपासून ४५ अंशांवर ती सर्वांत जास्त असते.

ती किती? पृथ्वीच्या गुरुत्वाच्या सव्वा कोटीव्या भागाच्या आसपास. असं समजा की समुद्राला १२ किलोमीटरमागे १ मिलिमीटर एवढा उतार मिळाला. ऐकायला नगण्य वाटतं. पण हा उतार मैदानभर नाही, पृथ्वीच्या पाव घेराएवढ्या, म्हणजे १०,००० किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेला आहे. मी सगळ्या उताराची बेरीज करून पाहिली. दोन्ही टोकांना तो शून्यावर येतो हे धरूनही उत्तर अर्ध्या मीटरच्या थोडं वर आलं! केवळ चंद्रामुळे समुद्राची पातळी किती वरखाली व्हावी याचं पुस्तकातलं उत्तरही साधारण ५४ सेंटिमीटर हेच आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही इतका आनंद झाला होता.

दोन्ही बाजूंच्या महासागरातून थोडं थोडं पाणी सरकत येतं आणि चंद्राखाली व त्याच्या पाठीमागे जमा होतं. मधल्या पट्ट्यातून ते गेलेलं असतं, म्हणून तिथे ओहोटी.


निळीशाई
सोमवार, रात्री ९:३५

१२ किलोमीटरमागे १ मिलिमीटर! हे वाक्य वहीत लिहून ठेवलं. यावरून तळ्यात आणि विहिरीत भरती का दिसत नाही तेही आपोआप कळलं. उतार तोच, पण लांबीच नाही.

लहानसा प्रश्न. माणसाच्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी असतं, म्हणून चंद्र आपल्यालाही ओढतो आणि पौर्णिमेला त्याचा परिणाम होतो, असं खूप लोक सांगतात. यात तथ्य आहे का?


मोजपट्टी
सोमवार, रात्री १०:१०

भरतीच्या अर्थाने अजिबात नाही. तुम्ही कारण स्वतःच लिहिलंय. डोक्यापासून पायापर्यंत दोन मीटर धरले तरी तेवढ्या अंतरात चंद्राच्या ओढीत पडणारा फरक पृथ्वीच्या गुरुत्वाच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही पुष्कळ कमी आहे. आणि पाण्याचा काही विशेष संबंधही नाही. चंद्र पाणी आणि दगड यांत भेद करत नाही. पायाखालची जमीनसुद्धा दिवसातून दोनदा साधारण ३० सेंटिमीटर वरखाली होते. आपल्याला कळत नाही, कारण आजूबाजूचं सगळंच सोबत वर जातं. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत पूर्वी २७ किलोमीटर घेराचं एक कणत्वरक होतं. जमिनीच्या या भरती-ओहोटीने त्याचा घेर साधारण १ मिलिमीटरने बदलायचा आणि कणांच्या ऊर्जेच्या हिशेबात तो धरावा लागायचा.


किनारावासी
मंगळवार, सकाळी ६:५५

मी समुद्राजवळ राहतो आणि रोज पाणी बघतो. इथे लिहिलेलं सगळं समजलं, पण डोळ्यांना वेगळंच दिसतं. तुमच्या चित्राप्रमाणे चंद्र माथ्यावर असताना भरती टिपेला असायला हवी. आमच्या किनाऱ्यावर तसं होत नाही. चंद्र वर आणि पाणी मात्र उतरत असलेलं, हे मी कैक वेळा पाहिलंय. शिवाय अर्ध्या मीटरचा चढउतार म्हणता, इथे उधाणाला तर पुरुषभर उंचीच्याही वर पाणी चढतं. मग सिद्धांत आणि समुद्र यांचा मेळ कसा बसवायचा?


सांजभरती
मंगळवार, रात्री ९:२०

किनारावासी, तुमचं निरीक्षण शंभर टक्के खरं आहे, आणि ते पुस्तकातल्या चित्रापेक्षा जास्त विश्वासाचं आहे. ते चित्र न्यूटनच्या १६८७ सालच्या मांडणीतून आलंय. कारण त्याने अचूक ओळखलं, पण चित्रातली पृथ्वी सगळीकडून पाण्याने झाकलेली आहे आणि ते पाणी चंद्राच्या मागोमाग वेळ न दवडता सरकतं असं त्यात गृहीत आहे. खऱ्या समुद्राला हे जमत नाही.

का जमत नाही ते बघा. फुगवटा चंद्राखाली राहायचा तर विषुववृत्तावर त्याने ताशी १,६०० किलोमीटरने धावायला हवं, कारण त्याच्याखालून पृथ्वी तेवढ्या वेगाने फिरते. पण इतक्या लांब लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. महासागर सरासरी ४ किलोमीटरच्या आत-बाहेर खोल, तिथे तो ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास येतो. चंद्राला गाठायचं तर समुद्र २० किलोमीटरहून खोल हवा, आणि सर्वांत खोल गर्तासुद्धा ११ किलोमीटरचीच आहे. शिवाय वाटेत खंडं आडवी.

त्यामुळे लंबगोल फुगवटा पृथ्वीभोवती फिरतो असं प्रत्यक्षात कुठेच घडत नाही. चंद्र फक्त ताल देतो. दर १२ तास २५ मिनिटांनी एक हलका हेलकावा. त्या तालावर प्रत्येक महासागराचं पाणी आपापल्या आकाराप्रमाणे, खोलीप्रमाणे हिंदकळतं. हे गणित प्रथम नीट मांडलं ते फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने, १७७० च्या दशकात. पाण्याचं हलणं, पृथ्वीचं फिरणं, दोन्ही धरून.

पृथ्वी फिरत असल्यामुळे हे हिंदकळणं सरळ इकडून तिकडे होत नाही, गोल फिरतं. महासागरात असे काही बिंदू आहेत की जिथे चंद्राच्या भरतीने पाणी वरही येत नाही आणि खालीही जात नाही, आणि भरतीची लाट त्या बिंदूभोवती १२ तास २५ मिनिटांत एक फेरी मारते. उत्तर समुद्रात असा बिंदू असला पाहिजे हे विल्यम ह्यूएल यांनी १८३६ साली किनाऱ्यावरच्या नोंदींवरून सांगितलं, आणि चारेक वर्षांत तिथे मधल्या समुद्रात मोजणी झाली तेव्हा खरोखरच चढउतार नगण्य निघाला. ताहितीजवळ चंद्राची भरती इतकी कमी आहे की तिथे सूर्याची भरती उठून दिसते आणि भरतीची वेळ रोज दुपार आणि मध्यरात्रीच्या आसपासच राहते. मला हे उदाहरण अतिशय प्रिय आहे. चंद्राचा आवाज बंद केल्यावर सूर्य ऐकू यावा तसं.

उंचीचं उत्तरही यातच आहे. मधल्या समुद्रातली लाट उथळ किनाऱ्याकडे येते तेव्हा तिचा वेग कमी होतो आणि उंची वाढते. आखात निमुळतं असेल तर पाणी दोन्ही बाजूंनी आवळलं जातं. खंबातच्या आखातात १० मीटरपेक्षा जास्त चढउतार होतो तो असा. आणि कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात तर पाण्याचा स्वतःचा हेलकावा साधारण १३ तासांचा आहे, चंद्राच्या तालाच्या अगदी जवळ. झोका जिथून परततो तिथेच पुन्हा ढकलत राहावं, तसं चंद्र त्याला ढकलत राहतो. तिथे १६ मीटरपर्यंत चढउतार होतो. भूमध्य समुद्र याच्या उलट. जवळजवळ बंदिस्त, स्वतःचा हेलकावा चंद्राशी न जुळणारा, म्हणून भरती किरकोळ.

या भूमध्य समुद्राने इतिहासही घडवला आहे. तिथले दर्यावर्दी बाहेर पडले की फसायचे. इसवी सनपूर्व ३२५ मध्ये सिंधूच्या मुखाशी सिकंदराच्या ताफ्याखालचं पाणी ओहोटीला निघून गेलं आणि नावा चिखलात बसल्या. इसवी सनपूर्व ५५ मध्ये ज्युलियस सीझरची जहाजं ब्रिटनच्या किनाऱ्यावर पौर्णिमेच्या उधाणात आणि वादळात सापडून फुटली.

एक काम कराल का? चंद्र माथ्यावर येण्याची वेळ आणि त्यानंतरच्या भरतीची वेळ, रोज लिहून ठेवा. दोन्हींमधलं अंतर प्रत्येक किनाऱ्याचं स्वतःचं असतं आणि ते जवळजवळ ठरलेलं असतं. जुने खलाशी प्रत्येक बंदरासाठी तो आकडा लक्षात ठेवायचे.


किनारावासी
मंगळवार, रात्री १०:३०

नक्की करतो. परवा अमावस्या आहे, तिच्या दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करतो.


तिथीमिती
बुधवार, दुपारी १२:२०

उत्तम धागा. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते हे सगळ्यांना माहीत असतं, त्याचं गणित तिथीच्या व्याख्येतच आहे म्हणून लिहितो. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं १२ अंशांचं अंतर वाढायला लागणारा काळ. पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. १२ गुणिले ४, म्हणजे ४८ मिनिटं. एक तिथी पुढे गेली की भरती जवळजवळ पाऊण तास पुढे. एखाद्या किनाऱ्यावर अमावस्येची भरती किती वाजता येते एवढं माहीत असलं की बोटांवर मोजून कुठल्याही तिथीची वेळ काढता येते.

उधाण (सर्वांत मोठी भरती) आणि भांग (सर्वांत लहान भरती) यांबद्दल: अमावस्येला आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत, दोघांच्या भरत्या एकमेकींत मिसळतात. अष्टमीला काटकोनात, तेव्हा सूर्याची ओहोटी चंद्राच्या भरतीतून वजा होते. पौर्णिमेला ते विरुद्ध बाजूंना असून बेरीज कशी, असं विचारलं जातं, पण धाग्याचा मूळ मुद्दा लक्षात घेतला तर प्रश्नच उरत नाही. प्रत्येकाचे फुगवटे दोन्ही बाजूंना असतात. सर्वांत मोठं उधाण मात्र बहुतेक किनाऱ्यांवर एक-दोन दिवस उशिरा येतं, कारण पाण्याला तालावर यायला वेळ लागतो.


मोजपट्टी
बुधवार, रात्री ८:०५

सूर्याच्या त्या ४६ टक्क्यांबद्दल एक सुंदर गोष्ट सांगायची राहिली. भरतीचा जोर वस्तुमानाच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. वस्तुमान म्हणजे घनता गुणिले आकारमान, आणि आकारमान त्रिज्येच्या घनावर. त्रिज्या भागिले अंतर म्हणजे ती वस्तू आकाशात किती मोठी दिसते ते. म्हणून दोन गोल आकाशात सारखेच मोठे दिसत असतील तर त्यांच्या भरत्यांची तुलना फक्त घनतेवरून होते!

सूर्य आणि चंद्र आपल्याला जवळजवळ सारखेच मोठे दिसतात, खग्रास ग्रहणं त्यामुळेच होतात. सूर्याची घनता पाण्याच्या १.४१ पट, चंद्राची ३.३४ पट. भागाकार ०.४२. सूर्य सरासरीने किंचित मोठा दिसतो, तेवढी दुरुस्ती केली की ०.४६. चंद्राची भरती वरचढ आहे, कारण चंद्र दगडाचा आहे आणि सूर्य वायूचा.


निळीशाई
बुधवार, रात्री ९:१५

मोजपट्टी, हे दोनदा वाचलं आणि मग मुलीला वाचून दाखवलं.

एक विचारते. न्यूटनच्या आधी लोकांना चंद्राचा संबंध माहीत नव्हता का?


सांजभरती
बुधवार, रात्री १०:००

संबंध माहीत होता, कारण माहीत नव्हतं. केप्लरने १६०९ साली स्पष्ट लिहिलं की चंद्र समुद्राचं पाणी ओढतो. पण गॅलिलिओला ते मान्य नव्हतं. इतक्या लांबून काहीही स्पर्श न करता ओढतो म्हणजे जादूटोण्यासारखी कल्पना वाटली त्याला. १६३२ सालच्या ग्रंथात त्याने भरतीचं कारण पृथ्वीच्या दोन गतींमध्ये शोधलं. हलत्या भांड्यातलं पाणी हिंदकळावं तसं. कारण चुकलं, पण समुद्र हिंदकळतो आणि त्याचा आकार महत्त्वाचा आहे हे त्याचं निरीक्षण लाप्लासच्या गणितात वेगळ्या रूपाने परत आलं असं मला वाटतं.


रेतीघड्याळ
गुरुवार, सकाळी ८:३०

एवढं पाणी रोज घासत सरकतं, मग ती ऊर्जा येते कुठून? चंद्राकडून?


मोजपट्टी
गुरुवार, रात्री ९:४५

पृथ्वीच्या फिरण्यातून. समुद्रतळाशी आणि किनाऱ्यांशी होणाऱ्या घर्षणामुळे पाण्याचा प्रतिसाद चंद्राच्या रेषेत राहत नाही, पृथ्वीच्या फिरण्याबरोबर थोडा पुढे खेचला जातो. ते पुढे गेलेलं पाणी चंद्राला पुढे ओढतं आणि चंद्र पृथ्वीला मागे. पृथ्वी मंदावते, चंद्र लांब जातो. अपोलो ११ ने १९६९ साली चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसर टाकून हे मोजलं आहे: दरवर्षी ३.८ सेंटिमीटर. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या जीवाश्मांवर रोजच्या वाढीच्या बारीक रेषा आहेत. जॉन वेल्स यांनी १९६३ साली त्या मोजल्या तेव्हा वर्षाला साधारण ४०० भरल्या. वर्ष तेवढंच होतं, दिवस लहान होते.


किनारावासी
दोन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ७:३०

सांगितल्याप्रमाणे नोंदी केल्या. चंद्र माथ्यावर येण्याची वेळ आकाशदर्शनाच्या ॲपवरून घेतली, पाण्याची वेळ एका खांबावर खुणा करून. भरती नेमकी कधी टिपेला पोचली हे दहा-पंधरा मिनिटांपेक्षा अचूक सांगता येत नाही, कारण शेवटी पाणी बराच वेळ तिथेच थबकल्यासारखं राहतं.

मधलं अंतर ठरलेलं असतं हे खरं निघालं, पण पूर्ण नाही. अमावस्येनंतर पहिले पाच-सहा दिवस ते रोज थोडंथोडं कमी होत गेलं, एकूण पाऊण तासाच्या आसपास. मग अष्टमीनंतर झपाट्याने वाढून आधीपेक्षाही जास्त झालं, आणि आता पौर्णिमा जवळ आल्यावर पुन्हा पहिल्या आकड्याकडे येतंय. माझं मोजणं चुकलं का?


सांजभरती
रविवार, सकाळी ९:०५

चुकलं नाही! तुम्ही सूर्य मोजलात.

अमावस्येनंतर चंद्र सूर्याच्या पूर्वेला सरकत जातो. दोघांच्या भरत्यांची बेरीज त्या दोघांच्या मधे कुठेतरी टिपेला पोचते, म्हणजे चंद्राच्या थोडी पश्चिमेला, आणि म्हणून चंद्राच्या मानाने लवकर. अष्टमी उलटली की चंद्राला सूर्याचा पाठीमागचा फुगवटा जवळचा होतो, तो चंद्राच्या पूर्वेला असतो, आणि भरती उशिरा येऊ लागते. पौर्णिमेला तिघं पुन्हा एका रेषेत, तेव्हा अंतर मूळ जागी. ४६ टक्के धरून गणित केलं तर हा लवकर-उशीर जास्तीत जास्त ५५ मिनिटांपर्यंत जायला हवा. तुमच्या खांबावर पाऊण तास आला.


किनारावासी
रविवार, सकाळी ९:२०

पौर्णिमेनंतरही चालू ठेवतो. मग पुन्हा लवकर यायला लागेल ना?


सांजभरती
रविवार, सकाळी ९:२४

हो. पौर्णिमेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बघा.